ढब्बूचं बाळंतपण

अंडी सांभाळणं म्हणजे काय मोठंसं? ती पळत नाहीत, ओरडत नाहीत, शाळेची फी मागत नाहीत! असं मी बायकोला छाती फुगवून सांगितलं आणि तिथेच फसलो.

माझ्या बायकोने सॅलमँडर पाळलेत. दिसायला पालीसारखे, पण बेडकांच्या भाऊबंदांतले आणि पाण्यात राहणारे. त्यांनी अंडी घालावीत म्हणून कित्येक हिवाळे टाकीचं पाणी गार करकरून ती थकली, तेव्हा कुठे यंदा ढब्बू नावाच्या मादीने पाणवनस्पतीला अंडी चिकटवली. आणि नेमकं आत्ताच हिला कामासाठी बाहेरगावी जावं लागलं.

"अंडी बाल्कनीतल्या टबात, ढब्बू हॉलमधल्या टाकीत," दारातून ती पुन्हा एकदा म्हणाली. "गाठ पडू द्यायची नाही. स्वतःचीच अंडी खाते ती! इतक्या वर्षांनी झालंय हे, कळतंय ना?"

"अगं, जा तू निर्धास्त!"

ती गेली आणि माझी झोप उडाली. पाणी गार लागलं की भीती, कोमट लागलं की त्याहून भीती! शेवटी आईला बोलावून घेतलं आणि पाण्यावर लक्ष ठेवायला सांगून ऑफिस गाठलं. ढब्बू अंडी खाते, हे सांगायचं तेवढं राहून गेलं.

मीटिंग रंगात आली होती, तेवढ्यात आईचा फोन.

"काही माया-दया आहे का रे तुम्हाला? मुक्या जिवाला लेकरांपासून तोडलंत! मी सोडलं तिला टबात."

"आई! ती पोरांना खाईल!" मी किंचाळलो.

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"कोण खाईल?" साहेबांनी विचारलं.

"ढब्बू! बाळंतीण आहे, साहेब! घरी आई एकटीच..."

साहेबांनी पुढचं ऐकलंच नाही. गाडीची किल्ली उचलली आणि मला दंडाला धरून बाहेर काढलं. "बायकोची ही अवस्था आणि तू इथे तक्ते दाखवत बसलास?"

"साहेब, बायको बाहेरगावी आहे..."

"धीर धर. घाबरला की माणूस बरळतोच."

घरी पोचताच साहेब बाळंतीण शोधत बेडरूममध्ये शिरले आणि मी बाल्कनीत. ढब्बू अंड्यांवर आडवी पसरली होती! मी जाळी उचलली, पण घाईत ती अंड्यांवरच आपटणार होती.

"ही होय ढब्बू? सरक!" मागून आलेल्या साहेबांनी जाळी घेतली आणि एका झटक्यात ढब्बूला बाहेर काढलं. मी वाकून पाहिलं. अंडी जशीच्या तशी!

"खाल्ली कशी नाहीत?" मी विचारलं.

"खाईल कशाला?" आई उसळली. "आधी डब्यातली गांडुळं पोटभर चारली, मग सोडलं तिला. उपाशी बाळंतिणीच्या मांडीवर लेकरं देतात का कुणी?"

तेवढ्यात बायकोचा व्हिडिओ कॉल. बाह्या सरसावलेले साहेब, आईच्या हातातल्या भांड्यात ढब्बू, आणि टॉवेल धरून मी, सगळं तिने पाहिलं. शांतपणे ऐकूनही घेतलं.

"आईंना म्हणावं, मी येईपर्यंत राहा. आणि साहेब, तुमचा हात फार स्थिर आहे हो! संध्याकाळी पाणी बदलायला याल?"

"येतो की!" साहेब लाजलेच.

"आणि मी काय करू?"

"तू ऑफिसला जा."

"हो, मीटिंग अर्धवट राहिलीय," टबावरची नजर न काढता साहेब म्हणाले.

मी गेलो. बसने.