फरशीला हळद लागली

राधाबाईंच्या मनगटाला सूज आली तेव्हा डॉक्टरांनी त्यांना सहा आठवडे झाडू-पोछा बंद सांगितला. आमच्याकडे त्या सतरा वर्षं काम करतात. गार्गी, म्हणजे आमची मुलगी, पाच वर्षांची असताना त्या आल्या. ती आता हैदराबादला नोकरी करते. माझी बायको शर्मिष्ठा शाळेत शिकवते. तिनं राधाबाईंना भरपगारी सुट्टी देऊन टाकली आणि बदली बाई शोधायला फोन हातात घेतला. तेवढ्यात मी बोलून गेलो, "बदली कशाला? सहा आठवडे झाडू मी मारीन."

एवढंच. पुढचं सगळं या एका वाक्यानं केलं.

तिसऱ्या दिवशी मी सोफ्याखालचा केर काढायला वाकलो आणि तसाच राहिलो. (ऑफिसात फोन करून मी 'पाठीची जुनी तक्रार' असं सांगितलं. तक्रार तेव्हा वीस मिनिटांची होती.) शर्मिष्ठानं फक्त पुन्हा फोन हातात घेतला. तो मला अपमान वाटला आणि त्या अपमानाच्या भरात मी रोबोट मागवला.

पोळपाटाला चाकं लावावीत तसं ते यंत्र होतं. आधी केर ओढायचं, मग पोटाखालचा ओला कपडा फिरवत फरशी पुसायचं. सुरू होताना एक बाई त्यातून गंभीर आवाजात म्हणायची, "सफाई आरंभ की जा रही है." मरोळच्या आमच्या दोन खोल्यांत एवढं शुद्ध कुणी बोलत नाही. मी रोज सकाळी दहाची वेळ लावून दिली. आम्ही दोघं कामावर गेलो की मागं ते कामाला लागायचं. दोन आठवडे घर खरोखर चकाचक राहिलं आणि मी कुरिअर कंपनीच्या डिस्पॅच खात्यात, जिथं मी गेली अठ्ठावीस वर्षं पाकिटं मोजतो आहे, 'ऑटोमेशन' हा शब्द वापरायला लागलो.

त्याच तोऱ्यात असताना एका शुक्रवारी संध्याकाळी राधाबाईंचा फोन आला. शर्मिष्ठा आंघोळीला गेली होती, म्हणून मी उचलला.

"दादा, सूज उतरलीय. मी सोमवारपासून येऊ का? एका हातानं जमेल तेवढं करीन."

बिचारी बाई दुखऱ्या हातानं यायला निघाली होती. माझं मन भरून आलं. मी म्हणालो, "अजिबात यायचं नाही! मशीन आणलंय आता. झाडू, पोछा सगळं तेच करतं. तुमची काही गरजच नाही. तुम्ही आपल्या निवांत आराम करा."



"बरं दादा," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी शर्मिष्ठाला सांगितलं की राधाबाईंना विश्रांती घ्यायला सांगितली आहे. कोणत्या शब्दांत, ते सांगितलं नाही. मला स्वतःबद्दल इतकं चांगलं वाटत होतं की शब्दांकडे माझं लक्षच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शनिवार. शर्मिष्ठाला शाळेत शिबिर होतं, ती सातलाच गेली. मी पोहे करायला घेतले आणि मसाल्याचा डबा काढताना हळदीची वाटी निसटली. वाटी भरलेली होती. स्वयंपाकघराच्या दारात हळदीचा ढीग पडला. वाकायचं माझ्या जिवावर आलं. घड्याळात साडेनऊ झाले होते. म्हटलं, अर्ध्या तासात आपला माणूस येतोच आहे ड्यूटीवर. मी ढिगाला वळसा घालून ऑफिसला गेलो.

संध्याकाळी पाचला दार उघडलं तर घर पिवळं होतं.

थोडंफार नव्हे. यंत्रानं जमेल तेवढी हळद ओढून घेतली होती आणि उरलेली ओल्या फडक्याखाली धरून, बैठकीच्या खोलीपासून पलंगाखालपर्यंत, एकही पट्टा न चुकवता, सरळ रेषांत सारवली होती. आमची फरशी पांढऱ्या मार्बलची आहे. शर्मिष्ठाच्या वडिलांनी, जागा घेतली तेव्हा, स्वतः उभं राहून बसवून घेतलेली. ते आता नाहीत. ती अजून कधीकधी अनवाणी चालताना म्हणते, "बाबांची फरशी."

रोबोट कोपऱ्यात चार्जिंगला लागून गप्प बसला होता.

मी पँट वर दुमडली, बादलीत भरपूर कपड्यांची पावडर घातली आणि घासायला लागलो. ज्यांना शाळेतलं विज्ञान आठवत असेल त्यांना पुढचं माहीत आहे. मला आठवत नव्हतं. पावडरचं पाणी लागताच हळद लाल झाली. मी घाबरून आणखी पावडर घातली. ती आणखी लाल झाली. अर्धी खोली पिवळी, अर्धी कुंकवासारखी, आणि मधे गुडघ्यांवर मी.

बेल वाजली. दारात समोरच्या दर्शनावहिनी. राधाबाई त्यांच्याकडेही कामाला असतात.

"भावजी, दुपारी राधाबाईंची सपना येऊन गेली. तुमच्याकडे कुलूप होतं म्हणून ही किल्ली माझ्याकडे…" बोलता बोलता त्यांची नजर फरशीवर गेली. चेहरा एकदम उजळला. "अगंबाई! मुहूर्ताची हळद फोडली वाटतं! गार्गीचं ठरलं?"

इथे एखाद्या सरळ माणसानं सांगितलं असतं की माझ्या हातून हळद सांडली. मी दोन आठवडे जिन्यात उभा राहून या बाईंना रोबोटचे गुण ऐकवले होते.

"हं," मी म्हणालो. "म्हणजे… तसंच काहीसं."

"मुलगा कुठला?"

"हैदराबादकडचा." (का म्हणालो, मला आजही सांगता येणार नाही.)

किल्ली माझ्या हातात देऊन त्या लगबगीनं गेल्या. पाच मिनिटांत सोसायटीच्या ग्रुपवर पहिले लाडू आले, मग सनई, मग हात जोडलेले बाहुले. सहाला गार्गीचा फोन.

"बाबा, माझं लग्न कुणाशी आहे?"

"अगं, गैरसमज झालाय…"

"दर्शनामावशीनं अभिनंदन केलं. तारीख सांग ना, मला रजा टाकावी लागेल."

ती हसत होती म्हणून मीही हसलो. एवढ्यात शर्मिष्ठा आली. तिनं उंबरठ्यातूनच फरशी पाहिली. मी बोलायला तोंड उघडलं. चपला काढून, कडेकडेनं चालत ती टेबलाशी गेली आणि लाल गोंडा लावलेली किल्ली उचलली.

"ही राधाबाईंची किल्ली. इथे कशी?"

"सपना देऊन गेली."

"का?"

"काय माहीत."

"जयवंत, तू फोनवर नक्की काय म्हणालास त्यांना?"

मी सांगितलं. या वेळी शब्दांसकट. सांगताना ते शब्द मी पहिल्यांदाच ऐकले.

शर्मिष्ठा खुर्चीत बसली. "माझे बाबा गेले तेव्हा आपण दोघं हॉस्पिटलमध्ये होतो. घर याच किल्लीनं उघडून गार्गीला कुणी जेवायला घातलं? चार दिवस?" मग अगदी हळू म्हणाली, "फरशीचं काय रे. फरशी दगडाची आहे."

तिनं राधाबाईंना फोन लावला. त्यांनी उचलला नाही. पुन्हा लावला, तरी नाही. "उद्या तू जा," ती म्हणाली. "मी आले तर तू माझ्या मागं उभा राहशील."

रविवारी सकाळी किल्ली खिशात घालून मी आरे कॉलनीची बस पकडली. राधाबाईंचे यजमान तिथल्या तबेल्यात कामाला होते. ते गेल्यावरही मायलेकी तिथेच राहतात. झाडीतल्या स्टॉपवर उतरलो आणि तिथेच उभा राहिलो. परतीच्या दोन बसेस माझ्यासमोर थांबल्या. दोन्ही वेळा मी एक पाय उचलला. दोन्ही कंडक्टरांनी मला विचारलं, "चढताय का?" दुसऱ्यानं जरा रागानं विचारलं. तेव्हा कुठे मी वळलो आणि म्हशींच्या गोठ्यांच्या बाजूनं चालायला लागलो.

राधाबाई दारातच बसल्या होत्या. मनगटाला पट्टा, आणि डाव्या हातानं लसूण सोलत होत्या. मला बघून उठल्या, पाणी दिलं, "बसा दादा" म्हणाल्या. डोळे मात्र लसणीवर.

"राधाबाई, मी परवा…"

"मशीनचं मला काय नाय वाटलं," त्या म्हणाल्या. "मशीन आणा की. लोकांकडं धुण्याचं आहे, भांड्यांचं आहे. पण दादा, गरज नाही असं माणसाला सांगतात का? माझ्या नवऱ्याला तबेल्यात अस्संच सांगितलं होतं. त्याच्यानंतर तो सकाळी उठून बसायचा नुसता."

मी "नाही सांगत," एवढंच म्हणालो.

"आणि गार्गीचं लग्न ठरलं ते मला दर्शनाताईंकडनं कळलं." आता त्यांचा आवाज हलला. "तिला वेणी घालायला मी शिकवलं. तिच्या हळदीला तरी बोलवायचं. कामाला म्हणून नको, अशीच."

"राधाबाई, गार्गीचं नाही ठरलेलं. हळद फरशीला लागलीय."

"काय?"

मग मी सगळं सांगितलं. वाटी, पोळपाट, 'सफाई आरंभ की जा रही है', कपड्यांची पावडर, हैदराबादचा मुलगा. काहीही सोडलं नाही. पावडरवर पोचलो तेव्हा त्यांचा चेहरा जरा हलला. "हळदीला साबण लावला?" त्यांनी विचारलं. "साबण?" आणि हसायला लागल्या. लसूण सांडली, पट्टा लावलेला हात पोटाशी धरून, "आई गं, दुखतंय" म्हणत हसत राहिल्या. आतून सपना बाहेर आली, तिला सांगायला गेल्या आणि सांगता येईना. हसता हसता मधेच त्यांनी पदरानं डोळे पुसले. ते पाणी कशाचं होतं, मी विचारलं नाही.

मी किल्ली पुढं केली. दोन्ही हातांनी.

"वहिनींनी पाठवलं तुम्हाला?"

"हो," मी खरं सांगितलं. "पण स्टॉपवरून दोन बसेस सोडल्या, त्या माझ्या मी सोडल्या."

त्यांनी किल्लीकडे बघितलं. मग ती कमरेला खोचली, जिथं ती सतरा वर्षं असते तिथं. "चला," त्या म्हणाल्या. "मार्बल हळद पितो. आज नाय काढली तर जन्माची. वाटेत केमिस्टकडनं ते जखमेवर ओतलं की फसफसणारं औषध घ्या. मैदा आहे ना घरी?"

"लिंबूपण घेऊ?"

"लिंबाला हातसुद्धा लावू नका! मार्बल खातं ते."

दुपारी राधाबाई आमच्या सोफ्यावर बसल्या, शर्मिष्ठानं त्यांच्या हातात चहा दिला, आणि काम करायचं नाही अशी शपथ घातली. त्या शपथेला अनुसरून काम मी केलं. मैदा आणि औषध कालवून लगदा करायचा, फरशीवर थापायचा, वाळला की खरवडायचा, पुन्हा थापायचा. बनियन आणि दुमडलेली पँट, डोक्याला शर्मिष्ठाचा जुना रुमाल, अंगभर मैदा. सूचना सोफ्यावरून येत होत्या. चार तासांनी बाबांची फरशी पांढरी दिसायला लागली. शर्मिष्ठा तिच्यावरून अनवाणी चालून आली आणि राधाबाईंच्या शेजारी बसली.

तेवढ्यात दार ढकलून दर्शनावहिनी आल्या. लग्न नाही हे त्यांना गार्गीनंच कळवलं होतं. फरशी बघून त्या थक्क झाल्या. मी त्यांच्याकडे पाठ करून झोपायच्या खोलीच्या दाराशी खरवडत होतो.

"शर्मिष्ठा, काय झकास काम करतो गं हा!" त्या कुजबुजल्या. "कुठून मिळाला? उद्या आमच्याकडे पाठवशील का?"

मी वळणार, तेवढ्यात राधाबाईंनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाल्या,

"नका घेऊ ताई. कोपरे सोडतो."