शीतलीकरणाची तात्पुरती व्यवस्था

वसाहतीलगतच्या भांडारात देशातील शेवटचा अणुबाँब जतन केलेला होता. ज्यांनी तो ऐन तारुण्यात सिद्ध केला, तेच वयोवृद्ध शास्त्रज्ञ आता तो निकामी करण्याची अनुज्ञा मागत होते. आतील स्फोटक उष्णतेने बिघडत चालले होते. त्याची जुळणी जाणणारे ते एकटेच उरले होते, आणि त्यांची निवृत्तीही जवळ आली होती.

"अनुज्ञेचा विषय विचाराधीन आहे," संचालक अत्यंत आदराने म्हणाले. "तोवर धोका कमी करणारा एखादा तात्पुरता उपाय आपणच सुचवावा."

भांडार अहोरात्र थंड ठेवावे, असे शास्त्रज्ञांनी सुचवले. त्यासाठी अखंड वीज आणि अखंड पाणी आले. जलवाहिनी वसाहतीतून गेल्यामुळे तेथील नळांनाही दिवसभर धार लागली. पिंपे माळ्यावर गेली. शास्त्रज्ञांचे शेजारी बाँबचा उल्लेख 'आपले साहेब' असा करू लागले.

यथावकाश अनुज्ञा मिळाली. त्याच सायंकाळी सारी वसाहत शास्त्रज्ञांच्या दारात उभी राहिली.

"काका, साहेबांनी काय घोडं मारलंय हो तुमचं?" शेजारीणबाईंनी विचारले.

"अहो, तो फुटेल!"

"फुटेल तेव्हा बघू. पाणी आत्ता येतंय."

शास्त्रज्ञ मोठ्या आशेने पत्नीकडे वळले.

"माझ्याकडे काय बघताय?" त्या म्हणाल्या. "जन्मभर पहाटे उठून पाणी मी भरलंय. तुम्ही बाँब करत होतात."

लोकभावनेचा मान राखून अनुज्ञा स्थगित झाली. धोका कमी करण्यातील अपूर्व कार्याबद्दल शास्त्रज्ञांना गौरवपूर्वक निवृत्त करण्यात आले; जुळणीचे ज्ञानही त्यांच्यासवेच घरी गेले. भांडाराचे तापमान अलीकडे किंचित वाढते आहे, परंतु नळाची धार कायम असल्याने तक्रार कोणाचीच नाही.

हे यश पाहून अन्य वसाहतींनीही अशाच व्यवस्थेची मागणी केली. बाँब एकच शिल्लक असल्यामुळे नव्यांचे उत्पादन हाती घेणे क्रमप्राप्त झाले. वाचकहो, आपल्याही वसाहतीला मंजुरी मिळाली आहे. आपणास कोणी विचारले नाही, असे मात्र कृपया म्हणू नये. मागल्या सभेत अध्यक्षांनी "चोवीस तास पाणी कोणाकोणाला हवंय?" एवढेच विचारले होते, आणि आपण दोन्ही हात वर केले होते.