दोनशे बारावी बरणी

परीक्षा संपल्यानंतरचा पहिला शनिवार. हजर: मी, विद्यापीठाच्या जीवशास्त्र विभागातल्या जुन्या नमुन्यांची यादी ठेवणारी. डॉ. वसुधा, वास आणि नाक यांवर संशोधन करणाऱ्या पाहुण्या. पास्कलकाका, प्रयोगशाळेतले सर्वांत जुने मदतनीस. आणि दोनशे अकरा बरण्या.

पास्कलकाका बरण्या हुंगतात. रोज सकाळी डोंगरीच्या कोळीवाड्यातून बसने येतात, डबा ठेवतात आणि पहिल्या कपाटातल्या मुशी माशापासून शेवटच्या कपाटातल्या घोरपडीपर्यंत एकेका झाकणाला नाक लावतात. डोळ्यांत पाणी आलं, की त्या बरणीतून नमुना टिकवणारं फॉर्मलिन गळतंय. मग मेण लावायचं. अंदाज कधी चुकला नाही. "नाक सांगते, म्याडम." माझ्या यादीतला 'गळती'चा रकाना मी वर्षानुवर्षं त्या नाकावर भरलाय.

त्यामुळे डॉ. वसुधांनी चाचणीच्या कुप्या मांडल्या, तेव्हा मी काकांनाच पुढे केलं. पहिली कुपी लवंगेची.

"लिंबू," काका म्हणाले.

दुसरी कॉफीची. "लिंबूच. पण पिकलेलं."

फसवायला ठेवलेल्या साध्या पाण्याला त्यांनी "अस्सल गुलाब" ठरवलं. शेवटच्या कुपीत सुका बोंबील होता. मला त्याचा वास दारापाशीही आला. डोंगरीत जन्मलेल्या माणसाने ती कुपी दोनदा हुंगली. "ही पण फुलाचीच हाय ना?"

मी यादीतल्या 'गळती'च्या रकान्यावर बोट ठेवलं.

"फॉर्मलिन डोळ्यांना झोंबतं. त्याला वास यावा लागत नाही," डॉ. वसुधा हळू म्हणाल्या. "कधीपासून, काका?"

"कोविडपासून. मारिया गेली, तवाच." मारिया म्हणजे त्यांची बायको.

"मग रोज एवढं हुंगता कशाला?" मी विचारलं.

"येल एखाद दिवशी."

"ओळखीचा, घरचा वास रोज घेऊन पाहा," डॉ. वसुधा म्हणाल्या. "कधी कधी थोडं परत येतं."

काका उठले. घोरपडीच्या मागून त्यांनी एक बरणी काढली. माझ्या यादीत नसलेली. आत लाल मसाला, झाकणाभोवती मेणाचे तीन थर.

"मारियानं कुटलेला. शेवटचा."

"उघडा की मग," मी म्हणाले.

"न्हाय, म्याडम. आता खोलला तर वास उडून जाईल. नाक मागून आलं, तर हुंगू काय?"

मी नोंदवही पुढे ओढली. क्रमांक दोनशे बारा. वर्णन: मसाला. झाकण: पक्कं. मग वर पाहिलं. काका बरणी छातीशी धरून उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

'गळती'चा रकाना अजून भरायचा राहिलाय.