जावईबापूंचं पेटीवादन

कल्याणरावांनी पेटी शिकायची ठरवली ती डॉक्टरांच्या सांगण्यावरून. म्हणजे डॉक्टरांनी पेटीचं नाव काढलं नव्हतं. ते बिचारे एवढंच म्हणाले होते, की बीपी जरा चढलंय, एखादा छंद लावून घ्या. मंठ्याच्या कॉलेजात बावीस वर्षं दाखले लिहिणाऱ्या क्लार्कला छंद म्हणजे नेमकं काय, हे उमगायलाच दोन दिवस गेले. बागकाम करावं तर नळाला पाणी आठवड्यातून एकदा. पहाटे फिरायला जावं तर गल्लीतली कुत्री ओळख दाखवत नाहीत. (संध्याकाळी दाखवतात, पण तेव्हा हातात बिस्किटाचा पुडा असतो.)

तेवढ्यात कळलं, की जालन्याच्या एका संगीताच्या सरांनी क्लास बंद केला आणि जुना इलेक्ट्रिक कीबोर्ड विकायला काढलाय. बटण दाबलं की त्यातून पेटीचा आवाज निघतो, भाता मारायची कटकट नाही. कल्याणराव एसटीनं गेले आणि ती पेटी चादरीत गुंडाळून मांडीवर आडवी घेऊन आले. शेजारच्या सीटवरची म्हातारी बराच वेळ त्या गाठोड्याकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "लई उंच झालं हो लेकरू. आता चालू द्या त्याला."

शिकणं सुरू झालं. पहिल्या आठवड्यात 'सा' सापडला. दुसऱ्या आठवड्यात 'रे' सापडला, पण तोवर 'सा' हरवला. कल्याणरावांच्या घराला भिंत लागून नथमलजींचं घर. कापडाचं दुकान, तीन पिढ्या मंठ्यात, माणूस बोलायला साखरेसारखा. एका सकाळी ते दारात आले आणि फार अदबीनं म्हणाले, "कल्याणराव, राग नका मानू, पण तुमच्याकडं काही रिपेरिंगचं काम काढलंय का? नाही, चालू द्या, चालू द्या. किती दिवसाचं आहे तेवढं फक्त सांगा."

दैवशालाताईंना एवढी अदब परवडत नव्हती. त्या नवऱ्याला सरळ म्हणाल्या, "अहो, दार लावून वाजवत जा."

"दार लावलंच आहे की."

"मंग दाराच्या त्या बाजूला जाऊन वाजवत जा."

असंच चाललं असतं तर ही गोष्ट सांगण्यासारखी झालीच नसती. पण एका संध्याकाळी पेटी पुसताना कल्याणरावांचं बोट कोपऱ्यातल्या एका बटणावर पडलं आणि पेटी आपली आपण वाजायला लागली! साधीसुधी नव्हे, हरकती घेत, ताना मारत, अस्सल भजन. जालन्याच्या सरांनी पोरांना ऐकवण्यासाठी त्यात स्वतःची पाच भजनं भरून ठेवली होती आणि विकताना सांगायचं विसरले होते. कल्याणराव आधी दचकले. मग त्यांना गंमत वाटली. मग त्यांनी दोन्ही हात पट्ट्यांच्या वर धरले आणि एकाही पट्टीला बोट लागू न देता ते हवेतल्या हवेत फिरवायला लागले. घरात कुणी नसताना माणूस काय काय करतो, हे ज्याचं त्याला माहीत असतं.

आणि दैवशालाताई गिरणीतून परत आल्या. कमरेवर पिठाचा डबा. दारातच थबकल्या.

"तुम्ही?"

इथं कल्याणरावांनी 'न्हाई' म्हणायला पाहिजे होतं. केवढासा तो शब्द! पण लग्नाला अठरा वर्षं झाली होती आणि त्या अठरा वर्षांत दैवशालानं त्यांच्याकडे असं कधीच बघितलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटले आणि मान डोलावली. वर तोंडानं एवढंच म्हणाले, "थांब जरा, अवघड जागा आलीय."

त्या दिवशी रात्री जेवायला शेवयाची खीर होती. कल्याणरावांनी लाजत लाजत दोन वाट्या खाल्ल्या.

दैवशालाताईंना एवढा आनंद का व्हावा, तर त्याचं कारण वाटूरला. वाटूर हे त्यांचं माहेर, आणि माहेरचे थोरले जावई कल्याणरावच. पण धाकटे जावई हरिओम. त्यांचं परतूरला ठिबकच्या पाइपांचं दुकान, बुडाखाली पांढरी गाडी, हातात दोन फोन. कार्यक्रम कुठलाही असो, हरिओमला गादीची खुर्ची, आणि कल्याणरावांना सासरे रखमाजी म्हणणार, "जावईबापू, तुम्ही घरचेच. जरा आचाऱ्याकडं बघता का?" दैवशालाताई तोंडानं कधी बोलल्या नाहीत. पण दर वेळी माहेराहून परत येताना त्या बसमध्ये खिडकीबाहेर बघत बसायच्या, आणि कल्याणरावांना ते कळायचं.

आता रखमाजींची एकसष्टी होती. आठ दिवस आधी कल्याणरावांना फोन आला. वाटूरचे धर्मराज सर. तालुक्यातल्या प्रत्येक कार्यक्रमात माइक यांच्याच हातात असतो.

"कल्याणराव, तुमच्या पेटीवादनाच्या आधी तुमचं नाव कसं घेऊ? 'सुप्रसिद्ध' म्हणू का 'ख्यातनाम'?"

"माझं... काय?"

"ताईंनी सांगितलं ना! पूर्ण गावाला सांगितलं. मी 'ख्यातनाम' घेतो, माइकवर भारदस्त वाटतं."

कल्याणरावांनी फोन ठेवला. ते उठून खरं सांगायला स्वयंपाकघरात गेले. दैवशालाताई नव्या रेशमी कुर्त्याला बटणं लावत बसल्या होत्या. कुर्ता कल्याणरावांचा.

"अगं, मला काहीतरी सांगायचंय."

"सांगा ना."

त्यांनी कुर्त्याकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. "बटणं... घट्ट लाव जरा."

(भित्रा माणूस. आणि आपण भित्रे आहोत, हे त्यांना त्याच क्षणी चांगलं कळत होतं. तरी बटणांवरच बोलले.)

एकसष्टीला दारातला मांडव माणसांनी भरून गेला. हरिओम गादीच्या खुर्चीवर होते, पण आज पहिल्यांदा व्यासपीठावर सतरंजी अंथरून मधोमध बसवलं होतं ते कल्याणरावांना. समोर बायकांच्या पहिल्या रांगेत दैवशालाताई, नाकात नथ, आजूबाजूच्या सगळ्यांना हळू आवाजात सांगत होत्या, "सहा महिन्यांत शिकले, बिलकुल घरच्या घरी." त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि हीच तर पंचाईत होती.

कल्याणरावांनी पेटीला नमस्कार केल्यासारखं वाकून करंगळीनं बटण दाबलं. भजन सुरू झालं. मांडव चिडीचूप! लाडू खाणाऱ्यांनी लाडू हातातच धरले. कल्याणराव डोळे मिटून हवेत बोटं फिरवत होते, आणि खरं सांगायचं तर दोन मिनिटांनी त्यांना स्वतःलाच वाटायला लागलं, की आपल्याला येतंय.

रखमाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. ते धर्मराज सरांच्या कानाला लागले. धर्मराज सरांना माइक हातात धरून गप्प बसणं तसंही जमत नव्हतं. ते उठलेच.

"मंडळी! रखमाजीरावांचं मन भरून आलंय! कार्यक्रम संपायचीही वाट न बघता, या इथंच, या क्षणी, ते आपल्या थोरल्या जावयाचा सत्कार करत आहेत! फेटा, शाल आणि नारळ!"

आता आमच्याकडे सत्कार हा शब्द कानावर पडला, की माणसाचं शरीर त्याचं राहत नाही. ते आपोआप उभं राहतं, हात जोडतं आणि मान फेट्यासाठी पुढं करतं. नारळ दोन्ही हातांनीच घ्यायचा. एका हातानं घेतला तर माज दिसतो. त्यात सासरा उभा आणि जावई बसलेला, असलं दृश्य वाटुरात कुणी बघितलं नव्हतं. कल्याणराव ताडकन उठले. चार पावलं पुढं गेले. मान वाकवली, फेटा बांधून घेतला, शाल पांघरून घेतली, दोन्ही हातांनी नारळ घेतला आणि सासऱ्यांच्या पाया पडले. अठरा वर्षांनी मान मिळाला होता. फोटोग्राफर म्हणाला, "इकडं बघा." त्यांनी इकडं बघितलं आणि हसले.

मागं पेटी वाजतच होती.

मांडवाला काहीतरी चुकतंय असं वाटत होतं, पण काय ते कुणाच्या ध्यानात येईना. ते आलं दैवशालाताईंच्या पुष्पामावशीच्या. मावशीला ऐकू कमी येतं, त्यामुळं बोलते मोठ्यानं.

"आगं बया! जावई तर हितं उभे हायेत. मंग तिथं कोण वाजवून राह्यलं?"

सगळ्यांच्या माना पेटीकडे वळल्या. आणि पेटीनं नेमकी तेव्हाच एक लांबलचक तान घेतली.

कल्याणराव पेटीकडे धावले. पायात शाल अडकली. गुडघ्यावर पडतच त्यांनी दिसेल ते बटण दाबलं, तर भजन दुप्पट वेगानं वाजायला लागलं, वर ढोल! दुसरं दाबलं, तर ढोलात शिट्ट्या! पोरं नाचायला लागली. माणसं मांड्यांवर थापा मारून हसत होती. फोटोग्राफर (त्याचे हात मोडोत) हेही काढत होता. शेवटी हरिओम शांतपणे उठले, भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद केलं आणि म्हणाले, "साडू, उठा. नारळ कुठंय तुमचा?"

कल्याणरावांना कुणाच्याच तोंडाकडं बघायची हिंमत होईना. पण एका माणसाकडे बघावंच लागलं. दैवशालाताई हसत नव्हत्या. त्यांनी नथ काढून मुठीत धरली होती.

परतीच्या बसमध्ये त्या खिडकीबाहेर बघत होत्या. कल्याणरावांना वाटत होतं, बसमधून उतरावं आणि मंठ्यापर्यंत मागून चालत यावं. अर्धा रस्ता गेल्यावर त्या बोलल्या.

"पेटी येत न्हाई म्हणून सांगितलं असतं तर मी काय घरातून काढून देणार होते का?"

"चुकलं गं."

"माझ्या माणसांत मी माझ्या तोंडानं सांगितल्तं. मला काय वाटलं असंल?"

"लाज वाटून राह्यली मला," कल्याणराव म्हणाले. "खरंच. लई लाज वाटून राह्यली." एवढं मोठं खरं ते सहा महिन्यांत पहिल्यांदाच बोलले होते. दैवशालाताईंनी पिशवीतलं पाणी काढून त्यांच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवसापासून कल्याणराव खरोखर शिकायला बसले. कोपऱ्यातल्या बटणावर त्यांनी चिकटपट्टी लावली. रोज सकाळी एक तास, एकच भजन. नथमलजींनी पहिल्या महिन्यात त्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवल्या. दुसऱ्या महिन्यात एक उघडली. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी स्वयंपाकघरातून आवाज आला, "आज तो मधला सूर बराबर लागला." कल्याणरावांच्या डोळ्यांसमोर पट्ट्या धूसर झाल्या. ते तसेच वाजवत राहिले.

आणि रखमाजींचा फोन आला. दैवशालाताईंची सगळ्यात धाकटी बहीण शालू, तिचा साखरपुडा ठरला होता.

"जावईबापू, पाव्हणे जालन्याचे हायेत. पेटीचं काहीतरी ठेवावं म्हणतो."

कल्याणरावांची छाती फुगली. तोच मांडव, तीच माणसं. दैवशालाची मान परत ताठ करायची हीच संधी. "मामा, मागं जे झालं ते झालं. आता मी खरंच शिकलोय. स्वतःच्या हातानं वाजवणार."



"न्हाई, न्हाई," रखमाजी घाईघाईनं म्हणाले. "तुम्ही कशाला तकलीफ घेता? ते आपलं आपलं वाजतंय ना, तेच लई ग्वाड वाजत होतं. पाव्हण्यांसमोर उगं रिस्क नको. हरिओमला गाडी घेऊन धाडतो, पेटी तेवढी देऊन टाका."

साखरपुड्याच्या दिवशी हरिओम आले. पेटी मागच्या सीटवर आडवी ठेवली, चिकटपट्टी काढली. पुढं दैवशालाताई बसल्या, बहिणीचं कार्य, त्यांचा नाइलाज होता. "साडू, जागा न्हाई हो," हरिओम म्हणाले. "तुम्ही एसटीनं या." गाडी गेली. कल्याणराव दारात उभे राहिले. अर्ध्या तासानं दैवशालाताईंचा फोन आला, आवाजात घाबरगुंडी.

"अहो, पेटीची वायर घरीच राह्यली! जल्दी घेऊन या. तुमच्याबिगर काम होत न्हाई बघा!"

तुमच्याबिगर काम होत न्हाई! कल्याणरावांनी रेशमी कुर्ता चढवला, वायर खिशात कोंबली आणि धावत जाऊन एसटी पकडली. बसायला जागा नव्हती, पण आज त्यांना उभं राहण्याचंही काही वाटलं नाही. खिशावर हात ठेवून ते ताठ उभे होते. कंडक्टरनं विचारलं, "वाटूरला काय कार्यक्रम?" तर म्हणाले, "मेहुणीचा साखरपुडा. पेटीवादन आहे. माझ्यावाचून खोळंबलेत सगळे."

अर्ध्या वाटेत फोन वाजला. रखमाजी होते, आणि त्यांच्यामागं पेटीचं भजन रंगात आलं होतं.

"जावईबापू, वायर मिळाली बरं का हितंच. तुम्ही आता आरामात या. आणि न्हाई जमलं तरी चालंल, हितं सगळं आपलं आपलं चालू हाय."