कणगी गायीचं पोट

एका जंगलात, बाळांनो, एक सिंह गाई पाळत असे. फार प्रेमाने पाळत असे. दर अमावास्येला त्यातली एक खात असे, तीही प्रेमानेच.

पुढे गवत कमी पडू लागलं. तेव्हा सिंहाने परदेशी जंगलात शिकून आलेला एक कोल्हा नेमला. कोल्होबा आल्या आल्या म्हणाले, "महाराज, जी गाय खाते खूप आणि अंगी लावते थोडं, ती आधी पानात घ्यावी. बाकीच्या राखाव्यात. यालाच कार्यक्षमता म्हणतात."

सिंहाला शब्द आवडला. कळला नाही, म्हणून जास्तच आवडला.

कळपात कणगी नावाची एक गाय होती. खडकाळ माळावर वाढलेली. पाय आखूड, पोट मात्र नावाला साजेसं, धान्याच्या कणगीएवढं. दुसरी शेवंती, नदीकाठची, अंगाने शेलाटी. कोल्होबांनी परीक्षा घेतली ती नदीकाठी, कारण तिथे सावली होती. शेवंतीने लुसलुशीत गवताचे चार घास खाल्ले आणि ती तुकतुकीत दिसू लागली. कणगी सवयीप्रमाणे दिवसभर चरत राहिली.

"हे पोट आहे की पोतं?" कोल्होबा म्हणाले. "महाराज, येत्या अमावास्येला हीच!"

कणगीच्या पोटात गोळा आला. पोट एवढं, म्हणजे गोळाही तेवढाच असणार. तरी ती धीर करून म्हणाली, "म्हाराज, हितं कुनीबी चमकंल. माळावरचं गवत म्हंजी नुसत्या काड्या. पोतंभर रिचवावं, तवा मूठभर अंगी लागतं. ज्याला पोटच न्हाई त्यानं ते भरावं कुठं? एक डाव माळावर बघा की."

सिंहालाही हवापालट हवाच होता. सगळे माळावर गेले. ऊन मी म्हणत होतं. शेवंतीचं पोट जरा चरताच भरे, आणि त्यातलं अंगी काहीच लागत नसे. तिच्या फासळ्या दिसू लागल्या. कणगी पोटभर काड्या कोंबायची आणि बाभळीखाली बसून निवांत रवंथ करायची. अमावास्या आली तोवर ती चांगली गरगरीत झाली होती.

"मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो!" कोल्होबा म्हणाले. "कणगी पहिली!"

सिंहाने कणगीच्या गळ्यात हार घातला. नियमाने आता पाळी शेवंतीची होती. सिंहाने तिच्या फासळ्या चाचपल्या आणि तोंड वाकडं केलं. मग त्याने कणगीची पाठ चाचपली. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं.

कणगी काय ते समजली. तिने मान झटकून हार काढला आणि शिंगाने कोल्होबांच्या गळ्यात टाकला.

"म्हाराज, न्याव झाला पायजे. म्या निदान काड्या तरी खाल्ल्या. ह्या कोल्होबांनी तुमच्या गवताची एक काडीबी तोंडात घातली न्हाई, आन् अंग बघा कसं भरलंय!"

सिंहाने कोल्होबांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. एवढी कार्यक्षमता त्याने जन्मात पाहिली नव्हती.

अमावास्या झकास साजरी झाली.

तात्पर्य : परीक्षेत पहिला नंबर जरूर यावा, बाळांनो. फक्त तो आपला न येता परीक्षकाचा यावा.