मास्तरांच्या कानाचं माप

“फिटिंगचं मला शिकवू नका!” हे वाक्य टेलरमास्तर दिवसातून निदान चार वेळा म्हणत. गिऱ्हाइकाला म्हणत, बायकोला म्हणत, समोर कुणी नसलं तर इस्त्रीला म्हणत. आणि त्यात खोटं काही नव्हतं. एक खांदा उतरलेला, पोट पुढे, मान आत, अशी माणसं दुकानात शिरायची आणि मास्तरांचा कोट चढवून अशी काही बाहेर पडायची, की त्यांच्या घरच्यांनीच दारात ‘आपण कोण?’ म्हणून विचारावं!

त्यामुळे लेकीनं पाठवलेली ती साबणाएवढी डबी उघडून आत कानात घालायचे दोन काळे दाणे बघितले, तेव्हा मास्तर हसलेच.

“अहो, आत कागद आहे बघा. कसं घालायचं ते लिहिलंय,” बायको म्हणाली. ती दुकानातच बसून काजं-बटणं करायची आणि कुठलाही कागद वाचल्याशिवाय फेकायची नाही.

“कागद? तीस वर्षं मी अख्खी माणसं मापात बसवतोय. दोन दाणे कानात बसवायला मला कागद लागणार?” असं म्हणून मास्तरांनी कागदाची घडी केली आणि शिलाई मशिनच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सारली. मशीन झक्क बसलं! डबीत रबराच्या इवल्या टोप्यांच्या आणखी दोन जोड्या निघाल्या, एक लहान, एक मोठी. लहान टोप्या मास्तरांनी बटणांच्या बरणीत टाकल्या. मोठ्यांपैकी एक आरीच्या टोकावर बसवली आणि दुसरी शिवण उसवायच्या हत्यारावर.

“बघ! आता बोटाला टोचणार नाही. लेकीनं किती विचार करून पाठवलंय!”

लेकीनं विचार करून पाठवलं होतं हे खरं, पण तो विचार वेगळा होता. घरात तिला चिऊ म्हणत. नाव चिऊ, आणि वाजवायची बेस गिटार, म्हणजे सगळ्यात जाड, खालच्या आवाजाचं वाद्य. तिनं ते पहिल्यांदा घरी आणलं, तेव्हा मास्तरांनी तारा मोजल्या होत्या. “चारच? गिटारला सहा असतात. दोन कमी देऊन फसवलं गं तुला!” पुढे ती नोकरीबिकरी सोडून एका बँडबरोबर दुसऱ्या शहरात निघाली, तेव्हा मास्तर आठ दिवस तिच्याशी बोलले नव्हते. नवव्या दिवशी मात्र त्यांनी काही न बोलता तिच्या गिटारला जाड कापसाची खोळ शिवून दिली होती. माप न घेता, नुसत्या नजरेनं. तंतोतंत बसली होती.

आता त्या बँडचं पहिलं गाणं तयार झालं होतं. संध्याकाळी पाच वाजता ते सगळ्या जगासाठी बाहेर पडणार होतं. जगाआधी बाबांनी ऐकावं म्हणून चिऊनं ते सकाळीच फोनवर पाठवलं होतं. खाली लिहिलं होतं: ‘फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. कानात नीट बसवून ऐका. मग सांगा, मी कशी वाजवते.’

मास्तरांनी दुकानाचं दार अर्धं लोटलं, केस सारखे केले, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि दाणे कानात घातले.

डावा लगेच पडला. खडूच्या डब्यात.

तो पुसून परत घातला, तर उजवा सुटला आणि चिंध्यांच्या ढिगात गडप झाला. नवरा-बायको दोघंही दहा मिनिटं गुडघ्यांवर रांगत होती. सापडल्यावर मास्तरांनी दोन्ही दाणे कानाशी टेकवले, मान जराशी मागे केली आणि डोक्यावर तांब्या ठेवल्यासारखे ताठ बसून राहिले. गाणं सुरू झालं.

झांजांची छन्‌छन्‌ आली. गायकाचा आवाज आला, पण असा, की बिचाऱ्याला पत्र्याच्या डब्यात कोंडून वरून झाकण लावलंय. बाकी सगळं डासाच्या गुणगुणण्याएवढं. मास्तर वाट बघत राहिले. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं, तिसरं गेलं. गाणं संपलं.

“चिऊ कुठाय?” मास्तर म्हणाले.

“म्हणजे?”

“सगळे आहेत. गाणारा आहे, झांजावाला आहे. आपली पोरगी नाहीच! तिला काढून टाकलंय गं!”

बायकोनं दाणे हातात घेतले, पदरानं पुसले आणि स्वतःच्या कानात घातले. तिचे कान लहान, नीटस. दाणे आत गेले आणि तिथेच राहिले. तिचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

“अहो, आहे की! घुमतंय नुसतं! छातीत धडधडतंय माझ्या!”

मास्तरांनी तिच्याकडे फार मायेनं पाहिलं. “तू आई आहेस. तुला मिक्सर लावला तरी चिऊ ऐकू येईल. छातीत धडधडतंय ते जिना चढून आलीस म्हणून.”

“मी सकाळपासून इथंच बसलेय!”

पण मास्तरांनी ते मनावर घेतलं नाही. त्यांचं मन आधीच त्या दुसऱ्या शहरात, त्या बँडवाल्यांच्या दारात जाऊन पोचलं होतं आणि दार बडवत होतं.

नेमके त्याच वेळी वकीलसाहेब आले. नव्या कोटाची ट्रायल होती. मास्तरांनी त्यांच्या अंगावर कच्च्या टाक्यांचा कोट चढवला, तोंडातल्या टाचण्या सांभाळत सगळी हकिकत सांगितली आणि शेवटी म्हणाले, “साहेब, तुम्हीच ऐका. तुम्ही बाहेरचे, निःपक्षपाती.”

वकीलसाहेबांचे कान मास्तरांपेक्षा ऐसपैस. दाणे त्यांच्या कानात बसले नाहीत, नुसते पाहुण्यासारखे दारात टेकले. साहेबांनी डोळे मिटून गाणं ऐकलं आणि निकाल दिला.

“बेस गिटार आढळून येत नाही.”

“बघा!” मास्तर बायकोवर ओरडले. तोंडातल्या दोन टाचण्या उडाल्या.

“गंभीर बाब आहे,” वकीलसाहेब म्हणाले. “दोन वर्षं काम करून घ्यायचं आणि ऐन वेळी वगळायचं! नाव तरी घातलंय का?”

गाण्याखाली नावं होती. चिऊचं नाव तिसरं होतं. ते बघून तर मास्तरांचा पारा छताला लागला. नाव घातलं आणि आवाज काढला! म्हणजे लोक म्हणणार, पोरगी नुसतीच उभी होती!

अडीअडचणीला असू दे म्हणून चिऊनं बँडच्या गायकाचा नंबर देऊन ठेवला होता. याहून मोठी अडचण ती कुठली! मास्तरांनी फोन लावला.

“मी चिऊचा बाबा बोलतोय. गाण्यात माझी मुलगी कुठाय?”

“काका, नमस्कार! चिऊ? ती बाहेर गेलीय जरा, आत्ता…”

“बाहेर नाही! गाण्यात! गाण्यात कुठाय ती? मी तीनदा ऐकलं. एक शब्दही ऐकू येत नाही तिचा!”

“काका, ती गात नाही. ती बेस…”

“तेच! तेच ऐकू येत नाही! आणि हे मी एकटा म्हणत नाहीये. वकील माझ्या शेजारी उभे आहेत!”

ते खरंच शेजारी उभे होते. अंगभर टाचण्या असल्यामुळे त्यांना बसता येत नव्हतं.

 पलीकडून गायक हळूच म्हणाला, “काका, आम्ही परत ऐकतो. तोपर्यंत गाणं थांबवतो.”

मास्तरांनी फोन ठेवला आणि लढाई जिंकल्यासारखे हात झटकले. पाच वाजता बाहेर पडणारं गाणं त्यांनी एका फोनमध्ये अडवलं होतं! “बापानं लक्ष घातलं की असं होतं,” ते म्हणाले.  बायकोनं एक बटण इतक्या जोरात ओढून शिवलं, की दोरा तुटला.

चार वाजता चिऊचा फोन आला. तो आला बायकोच्या फोनवर, कारण आठव्यांदा तेच गाणं ऐकणारे मास्तर मधे आलेला प्रत्येक फोन न बघताच कापत होते. मास्तरांना वाटलं, लेक आता ‘बाबा, तुम्ही होतात म्हणून!’ असं काहीतरी म्हणणार. त्यांनी घसा साफ करून फोन घेतला.

चिऊ ओरडली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

“बाबा, मी अजिबात ऐकू येत नाही?”

“अगं, तुझी काय चूक? त्यांनी तुला…”

“त्यांनी काही केलं नाही. तुमचा फोन आल्यापासून सगळ्यांनी सहा वेळा गाणं ऐकलंय. आता गायकाला स्वतःच्याच कानांची शंका यायला लागलीय. आणि मी बाहेर पायरीवर बसलेय.” तिचा आवाज बारीक झाला. “दोन वर्षं वाजवतेय, बाबा. माझ्याच बाबांना ऐकू येत नसेल, तर माझ्या हातातच काहीतरी कमी असेल ना?”

 मास्तर हातातली टेप नुसतीच बोटाला गुंडाळत राहिले. गुंडाळून संपली तेव्हा सोडली, आणि पुन्हा गुंडाळायला लागले.

“आईला ऐकू आलं?” चिऊनं विचारलं.

“ती म्हणते आलं. पण ती आई आहे.”

 चिऊचा सूर एकदम बदलला. “बाबा, डबीत रबराच्या टोप्या होत्या ना? तीन मापांच्या. तुम्ही कुठल्या लावल्यात?”

“होत्या त्याच आहेत.”

“आणि बाकीच्या?”

मास्तरांनी आरीकडे पाहिलं. मग उसवायच्या हत्याराकडे. दोघंही काळ्या टोप्या घालून समोर निवांत पडली होती.

“आहेत,” ते म्हणाले. “वापरात आहेत.”

“मोठ्या लावा. कानात फट राहिली ना, की सगळ्यात आधी खालचा आवाज गळून जातो. म्हणजे मी! बाकीचे सगळे ऐकू येतात, मी तेवढी त्या फटीतून निघून जाते.”

“पण माझे कान मोठे नाहीत!”

यावर बायको सकाळपासून पहिल्यांदा हसली आणि फोन स्वतःच्या हातात घेऊन तिनं स्पीकर लावला.

आरीची टोपी निघाली, हत्याराची निघाली, दोन्ही धुऊन पुसून दाण्यांवर चढल्या. डावा दाणा आत गेला आणि गप्प बसला. उजव्यानं मात्र मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आणलं. “दुखतंय! एक बसला, एक बसत नाही. बनवतानाच चूक केलीय यांनी!” असं म्हणता म्हणता मास्तर थबकले. समोरच्या भिंतीवर त्यांच्याच वहीतली मापं लटकत होती. डावा खांदा एवढा, उजवा खांदा तेवढा. दोन्ही बाजू सारख्या असलेला माणूस त्यांच्या दुकानात आजवर आला नव्हता, आणि ते स्वतः काय वेगळ्या कापडाचे होते?

“डावीकडे मोठी,” ते एकदम दुकानदारी आवाजात म्हणाले. “उजवीकडे मधली. चिऊ, थांब जरा.”

“आणि बाबा, दुसऱ्या हातानं कान वर ओढून धरा, दाणा जरासा फिरवत आत सोडा. बाही चढवताना तुम्ही मुंढा ओढता तसं!”

हे मात्र मास्तरांना बरोबर कळलं. त्यांनी कान ओढला, दाणा फिरवला. आणि रस्ता बंद झाला! हॉर्न गेले, समोरच्या दुकानाचं शटर गेलं, बायकोचे ओठ हलत होते पण आवाज नव्हता. मास्तरांनी गाणं लावलं.

आधी तो आवाज कानात आलाच नाही. तो पायाखालच्या फरशीतून यावा तसा पोटरीतून, पोटातून वर आला. मोठा, गोल, न अडखळणारा. गायक वर भिरभिरत होता, झांजा चमकत होत्या, आणि खालून कुणीतरी त्या सगळ्यांना तोलून धरलं होतं. कुणी घसरायला लागला की हा आवाज हळूच त्याच्याखाली जाऊन उभा राहत होता. मास्तरांनी हजारो कोट शिवले होते. कोट कशावर उभा राहतो, हे कोट घालणाऱ्याला कधी कळत नाही. शिवणाऱ्याला कळतं.

“अस्तर आहेस गं तू!” मास्तर ओरडले. कान बंद असल्यामुळे आपण किती मोठ्यानं ओरडतोय याचा त्यांना पत्ता नव्हता. रस्त्यावरची तीन माणसं थांबली. “सगळ्यांच्या आत आहेस! ऐकू आलीस! ऐकू आलीस गं चिऊ!”

बायकोनं फोन लांब धरला होता, तरी त्यातून येणारं हसू तिला ऐकू येत होतं. मधूनच नाक ओढल्यासारखंही काहीतरी ऐकू येत होतं. इकडचं की तिकडचं, ते तिनं तपासलं नाही.

मग मास्तरांनी गायकाला फोन करून माफी मागितली. चूक टोपीची होती, हे समजावताना त्यांना आरीपासून सुरुवात करावी लागली. गायक हसून हसून दमला. “पण काका, एक सांगू? तुमच्या फोनमुळे आम्ही इतक्यांदा ऐकलं, की तिसऱ्या कडव्यात बेस जरा दबलाय हे आमच्या लक्षात आलं. केसभर वर घेतलाय. सहा वाजता सोडतो गाणं.”

गाणं सहाला सुटलं. लोकांना आवडलं. कुणीतरी खाली लिहिलं, ‘बेस कोण वाजवतंय?’ ते वाक्य मास्तरांनी बायकोला तीनदा वाचून दाखवलं आणि चौथ्यांदा तिच्याकडून वाचून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर दाणे घालूनच मशिनवर बसले. टीप अशी सरळ चालली होती, की बघत राहावं. अकराच्या सुमारास बायकोनं येऊन त्यांच्या उजव्या कानातला दाणा उपटला.

“अहो, काय केलंत हे? सकाळपासून चौघं येऊन गेले. ‘उद्या मिळेल ना?’ म्हणून विचारत होते. तुम्ही सगळ्यांना मान डोलावलीत!”

“मी? मी तालावर…”

“आणि वकीलसाहेबही आले होते. कालच्या ट्रायलला कोट पाठीत आवळत होता, पुन्हा नव्यानं शिवावा लागेल, चूक सर्वस्वी तुमची आहे, कबूल? असं त्यांनी तीन वेळा विचारलं. तिन्ही वेळा तुम्ही मान डोलावलीत. तिसऱ्यांदा तर डोळे मिटून!”

 मास्तरांनी बायकोच्या हातातून दाणा घेतला, कान वर ओढला आणि ओशाळं हसून म्हणाले, “तिसरं कडवं होतं गं!”