गांडूळ दुपारी विश्रांती का घेते?

सातवीच्या 'विनासायास' नोट्सच्या मुखपृष्ठावर तळाशी 'लेखन : अनुभवी शिक्षकांचे मंडळ' अशी ओळ असते. ते मंडळ म्हणजे मी. विज्ञान, इतिहास, मराठी आणि संगणक या चारही विषयांचा मला अनुभव नाही आणि शिक्षक तर मी कधीच नव्हतो. तरीही मंडळाचे कामकाज मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात नियमितपणे चालते. मी हजर असलो की गणसंख्या पूर्ण होते.

तीन वर्षांपूर्वी आमचे मालक चंद्रप्रकाशजी यांनी घाटकोपरच्या एका प्रतिस्पर्ध्याच्या नोट्स माझ्या टेबलावर आपटल्या. ओळ न् ओळ आमची होती, छपाईच्या चुकांसकट.

"सर्वेश, यांना पकडायचं. आपल्या प्रत्येक विषयात एक खोटी गोष्ट घाल. छोटीशी. त्यांनी ती उतरवली की चोरी सिद्ध."

या खोट्या गोष्टीला खूण म्हणायचे ठरले. मी त्याच दिवशी जेवण झाल्यावर चार खुणा घातल्या. मराठीच्या पत्रलेखनात 'आपला नम्र' या शब्दांच्या वर एक ओळ कोरी सोडावी, तिला नम्रतेची ओळ म्हणतात, असे लिहिले. संगणकात, यंत्र बंद करण्यापूर्वी माऊस उलटा ठेवावा. इतिहासात एका तहाच्या पाच परिणामांना सहावा जोडला : किल्ल्यावर मांजरे पाळण्याची प्रथा पडली. विज्ञानापाशी येईपर्यंत माझे डोळे मिटायला लागले होते, म्हणून लिहिले : गांडूळ दुपारी दोन ते चार विश्रांती घेते.

पाने लावणारा व्हिक्टर खुर्चीतून मागे वळला. "अरे यार, पोरं हसतील ना!"

"पोरं नोट्स वाचत नाहीत रे, पाठ करतात," मी म्हणालो. त्या वेळी या वाक्याचा मला अभिमान वाटला होता.

महिन्याभरात चारही खुणा घाटकोपरला पोचल्या. चंद्रप्रकाशजींनी दिंडोशीचा वकील गाठला. वकिलाने आमचे मूळ हस्तलिखित मागितले. शोध घेता असे निष्पन्न झाले की आमचे मूळ हस्तलिखित म्हणजे बोरिवलीच्या एका क्लासची झेरॉक्स आहे. प्रकरण तिथेच मिटवण्यात आले. तोवर मुलुंडच्या नोट्समध्येही गांडूळ झोपले होते.

पुढच्या आवृत्तीत मी ते वाक्य गुपचूप काढले. लगेच पालकांचे फोन सुरू झाले. "गेल्या वर्षी गांडुळाचे सात मुद्दे होते, यंदा सहाच कसे? एक मुद्दा कोणी खाल्ला?" मंडळाने दिलगिरी व्यक्त केली आणि सातवा मुद्दा चौकटीत, ठळक अक्षरांत, 'अतिमहत्त्वाचे' अशा शिक्क्यासह परत घातला.

माझ्या घरात मात्र नोट्सना बंदी होती. माझी मुलगी श्रुतिका सातवीत. "पुस्तक वाच, नाही कळलं तर मला विचार," असे मी तिला सांगत असे, आणि मलाही नाही कळले की आम्ही दोघे मिळून पुस्तक वाचत असू. तिची एक चंद्राची वही होती. दोन वर्षे ती रोज चंद्र जसा दिसला तसा त्यात काढायची. आभाळ भरलेले असेल तर 'ढग' असे लिहून सही करायची.

'उपनगर बालप्रज्ञा परीक्षा' देऊन पहिल्या चाळीसांत आलेल्या मुलांना दहा दिवसांच्या आकाशदर्शन शिबिराला नेतात. तिथे मोठी दुर्बीण असते. श्रुतिकाचे दोन वर्षे तेवढेच चालले होते. निकाल लागला आणि एका गुणाने तिचा नंबर एकेचाळिसावा आला.

मी तिची उत्तरपत्रिका पाहिली. प्रश्न सातवा, गुण दोन. 'शास्त्रीय कारण लिहा : गांडूळ दुपारी दोन ते चार विश्रांती घेते.' श्रुतिकाने लिहिले होते : 'आमच्या कुंडीतले गांडूळ दुपारी माती वर टाकत असते. मी सुट्टीत पाहिले आहे.' शेजारी लाल शाईत शून्य होते आणि शेरा होता, 'मुद्दे नाहीत'.

"बाबा, हा प्रश्न आला कुठून?"

"याबाबत संबंधितांकडे चौकशी करण्यात येईल," मी म्हणालो. मुलीशी असे कोण बोलते? पण माझ्या तोंडून तेवढेच निघाले.

परीक्षा समितीकडे मी केलेला अर्ज परत आला. कारण : 'नम्रतेची ओळ सोडलेली नाही.' ओळ सोडून पुन्हा अर्ज केल्यावर सुनावणीची तारीख मिळाली. समितीच्या कार्यालयात मी लाकडी बाकावर दोन तास बसलो. लाकडी बाक दुपारनंतर अधिक कडक होतो, हे आपण सगळे जाणतोच. भिंतीवर एका व्याख्यानाचे पत्रक होते, 'किल्ल्यावरील मांजरे : एक उपेक्षित परंपरा'. समोरच्या कारकुनाने संगणक बंद करण्याआधी माऊस दोन बोटांनी उचलून हलकेच उलटा ठेवला.

तक्रार कक्षाच्या प्रमुख जानकी मॅडम यांनी माझे म्हणणे ऐकून घेतले आणि टेबलावर पाच वेगवेगळ्या नोट्स मांडल्या.

"पाचही ठिकाणी आहे."

"पण मॅडम, पाठ्यपुस्तकात नाही."

"ते आम्ही वर कळवलंय. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करतील."

"मॅडम, हे वाक्य मी लिहिलंय. खोटं आहे ते. जेवून बसलो होतो, झोप येत होती."

"म्हणजे अनुभवातूनच लिहिलंत ना?" त्यांनी मुखपृष्ठ माझ्याकडे वळवले. "आणि इथे मंडळ लिहिलंय. तुम्ही तर एकटेच दिसताय. चूक झाली असं मंडळाचं पत्र आणा, मुलीला दोन्ही गुण देते."

इतके सोपे होते. गाळ्यावर येऊन मी मंडळाच्या कागदावर लिहिले : 'सदर वाक्य खोटे असून ते मंडळाने जाणूनबुजून घातले आहे.' चंद्रप्रकाशजींनी ते शांतपणे वाचले.

"कर सही. बिनधास्त कर. उद्या शाळाशाळांत कळेल आपण खोटं छापतो, मग गाळा बंद. मंडळ बरखास्त."

व्हिक्टर हळूच म्हणाला, "पोरीसाठी कर रे सही. आपण दोघं दुसरीकडे बघू काहीतरी."

मंडळाने दिवसभर विचारविनिमय केला. संध्याकाळी ठराव एकमताने नामंजूर झाला. मला माझी लाज वाटली, खूप वाटली. पण इतिवृत्तात लाज नोंदवायला रकाना नसतो.

पत्र येत नाही म्हटल्यावर जानकी मॅडमनी नियमातून वाट काढली : तक्रारदार विद्यार्थ्याला त्याच प्रश्नाची फेरपरीक्षा देता येते. त्या दिवशी मी पहिल्यांदा नोट्स घरी नेल्या. आमच्यात नुसते वाक्य होते, कारणे घाटकोपरवाल्यांनी पुरवली होती, म्हणून त्यांच्याही नेल्या. कारणे पाच होती आणि वाचता वाचता मलासुद्धा पटत गेली.

श्रुतिकाने मुखपृष्ठ वाचले. "या मंडळात तू आहेस?"

"आहे."

"मग खरं काय ते सांग ना."

"कुंडीतलं खरं. पण लिहायचं हे."

"शिबिरात पण असंच असतं?"

"नाही गं. तिथे दुर्बीण असते. दिसेल तेच खरं."

तिने पाचही कारणे पाठ केली. मी समोर बसून म्हणून घेतली. तिसऱ्या कारणात ती एकदा अडली तेव्हा मी तिला रागावलोसुद्धा.

फेरपरीक्षेत तिला दोनपैकी दोन मिळाले. 'आदर्श उत्तर' असा शेराही मिळाला. ती शिबिराला गेली, दहा दिवसांनी परतली आणि टेबलाशी चंद्राची वही उघडून बसली. मी मोठ्या आशेने मागून डोकावलो. पानावर चित्र नव्हते. वर मधोमध 'चंद्र' असे लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या आणि समासात एक ते पाच आकडे घातले होते.

"दुर्बिणीतून कसा दिसला गं?"

"छान होता." तिने पेन उचलले. "बाबा, पाच मुद्दे पुरतील ना?"

मंडळ हल्ली दुपारी दोन ते चार झोपू शकत नाही.

जाता जाता कळवणे भाग आहे की सवयीप्रमाणे मी या गोष्टीतही एक खूण घातली आहे. तुम्ही तिच्यावर मान डोलावून पुढे गेलात. आता मागे जाऊन शोधत बसू नका. चार जणांना सांगून टाका, म्हणजे ती खरी होईल.